अळम्यांची बाग

दोडामार्गाकडच्या बाजारात तुम्ही “अळमी खंय?” असं विचारलंत, तर समोरचा आधी विचारतो, “खावची काय बघूची?” कारण रानात उगवणारी अळंबी ती अळमी, आणि नदीकाठची सुपारीची जुनी बागही अळमीच. बागेचे वयस्कर राखणदार भिकू गवस येणाऱ्या पाहुण्यांना या नावाची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी रवळोजी सावंतांनी इथलं रान साफ करून सुपारीची रोपं लावली. बागेला वडिलांचं नाव द्यायचं त्यांच्या मनात होतं. मधोमध मोठं वारूळ होतं, ते खणून काढायचंही ठरलेलं. पण त्यांची बायको द्वारकाबाई त्या वारुळाला सातेरी देवीचं रूप, सातेरी आई मानून रोज फूल वाहायची. तिने गळ घातली, म्हणून खणणं लांबणीवर पडलं.

त्या श्रावणात नदीला असा पूर आला, की तांदूळ घेऊन येणारी होडी पलीकडेच अडकली. कोठीतलं धान्य संपलं. बागेच्या नदीकाठच्या बांधाला भगदाड पडू लागलं होतं, आणि बागेत राबणारे उपाशी गडी पाणी उतरताच घरी जायचं म्हणत होते. त्यांना थांबा म्हणायला द्वारकाबाईची जीभ रेटेना. सांजवेळी तिने वारुळापुढे दिवा लावला आणि ती म्हणाली, “आई, माझी माणसं जेवव. बागेला तुझ्या देण्याचंच नाव देईन, आणि तुझं देणं येईल त्या दिवसांत दार कोणाला बंद ठेवणार नाही.”

सकाळी वारुळाभोवतीची जमीन पांढरीशुभ्र झाली होती म्हणे. टोपल्या भरल्या तरी अळमी सरेनात. खोबऱ्याचं वाटण लावून तिने मोठं भांडं चुलीवर चढवलं. गडी पोटभर जेवले, हसत उठले आणि भगदाड बुजवायला बांधावर गेले. रोपं वाचली.

नवस ऐकून रवळोजी मात्र नाराज झाले. वडिलांचं नाव मागे पडणार होतं. द्वारकाबाई त्यांच्यापुढे पान मांडत म्हणाली, “मामंजी असते, तर त्यांनी आधी जेवायलाच मागितलं असतं.” रवळोजींना हसू आवरेना, असं सांगतात. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि नावाला होकार दिला.

आजही अळमी उगवली की बागेचं फाटक सताड उघडतात. वारुळाला कोणी कुदळ लावत नाही. येईल त्याला सावंतांच्या घरचे आपल्या हाताने वाढतात आणि स्वतः शेवटी बसतात. त्यांच्या वाट्याला बहुधा भांड्याला लागलेला रस्साच येतो. ज्या वर्षी तोही उरत नाही, ते वर्ष बागेला भरभराटीचं, असं ते मोठ्या आनंदाने मानतात.