ताम्रदंष्ट्राची न कोमेजणारी माळ

कृतयुग सरत आले होते आणि विंध्याच्या दक्षिण उतारावरील तपोवने बकुळ-चंपकांच्या भाराने वाकली होती, त्या काळी ताम्रदंष्ट्र नावाचा एक असुर होऊन गेला. बुद्धी होती ती सगळी हातांत उतरलेली, डोक्यात काही उरले नव्हते. घोर तप करून त्याने ब्रह्मदेवाकडे मागितले, "पितामह, माझ्या गळ्यातील पुष्पमाला ज्या दिवशी कोमेजेल, त्याच दिवशी मला मृत्यू यावा!" फुले संध्याकाळी कोमेजणारच, ब्याद एका दिवसात टळेल, अशा समजुतीने पितामहांनी 'तथास्तु' म्हटले. आधी वर द्यायचा आणि मग चारही कपाळांना हात लावायचा, ही त्यांची जुनी सवय.

असुराने तांब्याचा पत्रा भट्टीत तापवून मऊ केला, छिन्नीने पाकळ्या कापल्या, लाकडी ठोकळ्यावर हातोडीने हलकेच ठोकून त्यांना बाक दिला, शिरा कोरल्या, देठ डाख देऊन जोडले आणि ती कमळांची माळ गळ्यात घालून तो तपोवने तुडवत सुटला. इंद्राचे वज्र त्याच्या छातीवर बोथट झाले. देवांची तोंडे तेव्हा पाहण्यासारखी झाली होती.

अखेर तो माल्यवती नावाच्या वृद्ध तपस्विनीच्या आश्रमात शिरला. ती पूजेची फुले खुडत होती. तिने वर पाहिले आणि नाक मुरडले.

"हे काय रे गळ्यात? पत्रा?"

"मूढ स्त्रिये, ही माझ्या हातची कमळे! तुझ्या फुलांचे उद्या निर्माल्य होईल. माझी अमर आहेत!"

"भांडीही अमर असतात. तुझ्या कमळांवर कधी भुंगा बसला का?"

वज्र झेलणारा तो वीर, पण जीव कारागिराचा. हे बोलणे त्याला फार झोंबले.

"तपाचे सामर्थ्य असेल, तर बसवून दाखव!" तो गरजला.

माल्यवतीने कमंडलूतले पाणी शिंपडले. तांब्याला सुगंध सुटला, पाकळ्यांत मध साचला आणि एक भुंगा गुणगुणत येऊन बसला.

"बसला! पाहिलेस? बसला!" असुराला आनंद मावेना.

"मूर्खा, हे आता खरे फूल झाले. संध्याकाळी कोमेजेल आणि तूही मरशील. अजून वेळ आहे, सांग, पुन्हा पत्रा करते."

"आणि भुंगा?"

"उडून जाईल."

सूर्य कलला. पाकळ्यांच्या कडा काळवंडू लागल्या. भुंगा उडू नये म्हणून तो मूर्ख श्वास रोखून बसला होता. सूर्यास्ताला माळ कोमेजली आणि असुर बसल्या जागी गतप्राण झाला.

देवांनी दुंदुभी वाजवल्या, जणू त्यांनीच मारला! माल्यवतीने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ती माळ निर्माल्यासोबत नदीत सोडून ती म्हणाली, "यापुढे पत्र्याचे फूल कधी कोमेजणार नाही आणि त्यावर भुंगा कधी बसणार नाही."

तेव्हापासून भुंगा पत्र्याच्या फुलाभोवती एक घिरटी घालतो आणि निघून जातो. तेवढा वेळ घडवणाऱ्याची हातोडी थांबलेली असते.