सहा खिडक्या, एक बटण

“…ते कळलं. पण बटणं किती केलीस?” अत्तार सरांनी पुन्हा विचारलं.

वैजयंतानं पडद्यावर बोट फिरवत मोजली. “त्रेचाळीस.”

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत चढवला.

त्यांचं हे असंच. बत्तीस वर्षं तंत्रनिकेतनात शिकवलं, पण उत्तर चुकलं असं कुणाला तोंडानं कधी सांगितलं नाही.

हे सगळं चाललं होतं आमच्या पलूसच्या वाचनालयात, वरच्या खोलीत. मी तिथला ग्रंथपाल. नव्या पुस्तकांना नंबर चिकटवत बसलो होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. कान तिकडेच होते.

खोलीत एकाच बनावटीचे सतरा जुने संगणक, कुणीतरी वापरून झाल्यावर वाचनालयाला दिलेले. आजच्या प्रोग्रॅमना त्यांची मेमरी पुरत नव्हती. कार्यकारिणीनं ठराव केला होता, की आज चार वाजेपर्यंत चालले तर ठेवायचे, नाहीतर भंगारात. भंगाराचा टेम्पो दीड वाजताच खाली येऊन उभा राहिला होता. अशा कामाला माणसं वेळेआधी येतात.

वैजयंता कुंभार ही सरांची जुनी विद्यार्थिनी. हुशार, आणि ते तिला पुरतं माहीत होतं. आठ महिने खपून तिनं या यंत्रांसाठी हलका डेस्कटॉप बनवला होता. म्हणजे संगणक लावल्यावर समोर जे काही दिसतं ते सगळं. खालची पट्टी, फायलींचं कपाट, लिहायची वही, चित्रं बघायची खिडकी, शब्दकोश आणि गणकयंत्र, अशी सहा ॲप. बटणं, मेनू, चौकटी काढायचं जे सामान असतं, ज्याला ती टूलकिट म्हणायची, तेही तिनंच लिहिलेलं. सहाही ॲप त्या एकाच टूलकिटवर उभी, हा तिचा मोठा अभिमान.

तिच्या लॅपटॉपवर ते सगळं झकास पळालं. इथल्या पहिल्या यंत्रावर पट्टीशिवाय तीन ॲप उघडेपर्यंत ठीक होतं. चौथं उघडलं आणि माउसचा बाण जागीच थिजला. आतून डिस्क खरखरायला लागली.

“यंत्रंच मेलेली आहेत, सर,” ती म्हणाली होती. “याहून हलकं होत नाही.”

त्यावर सरांनी बटणं विचारली होती.

आता ते म्हणाले, “बटण पिवळं कर.”

“कुठलं?”

“बटण.”

…

तिनं लॅपटॉप उघडला, वहीच्या फोल्डरातली एक ओळ बदलली, पेनड्राइव्हवरून यंत्रात घातली. वही उघडली. बटणं हळदीसारखी पिवळी.

“झालं.”

सरांनी फायलींच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिनं ते उघडलं. तिथली बटणं राखाडीच होती.

“ते वेगळं करावं लागतं, सर. कपाटाची टूलकिट कपाटाच्या फोल्डरात आहे.”

“आणि चित्रांची?”

“चित्रांची, चित्रांच्या…”

तिनं सहाही फोल्डरं एकेक करून उघडली.

मला तेव्हा काही कळलं नाही, हे कबूल करतो. नंतर तिनंच समजावलं. टूलकिट मुळात एकच होती. पण वहीला बटणांचे कोपरे जरा गोल हवे होते, चित्रांना रंग जरा गडद हवा होता, शब्दकोशाला आणखी काही. मग प्रत्येक ॲपसाठी तिनं टूलकिटची नक्कल काढली, थोडी नटवली आणि त्या ॲपच्या पोटात घातली. अक्षरं, चिन्हं, सगळा बाडबिस्तरा सहा वेळा. एका घरात राहणारे सहा भाऊ आडनाव एकच लावतात आणि चुली मात्र सहा पेटवतात, तसली गत. त्या गरीब यंत्राला सहाही चुलींना जळण पुरवावं लागत होतं.

“सहा,” ती हळूच म्हणाली. “मी बटणं सहा केली, सर.”

सरांनी मान हलवली.

“पाच काढून टाकते. वहीचं ठेवते. त्याच्या गोल कोपऱ्यांसाठी मी तीन आठवडे घातलेत.”

“तुला सगळ्यांत कमी आवडतं ते ठेव.”

…

मला सरांचा रागच आला. पोरीचा चेहरा बघवत नव्हता.

“सगळ्यांत कमी म्हणजे गणकयंत्राचं,” ती शेवटी म्हणाली. “अगदी पहिलं केलेलं. नुसती चौकट आणि आत अक्षर. त्यात काहीच नाही, सर.”

सर खिडकीपाशी जाऊन खाली टेम्पोकडे बघत उभे राहिले.

पावणेदोन झाले होते. वैजयंतानं केस वर बांधले आणि बसली. पहिल्यांदा गणकयंत्राच्या पोटातली टूलकिट बाहेर काढून सगळ्यांना हाताशी येईल अशी एका जागी ठेवली. मग वहीची नक्कल उपटली, तर वही उघडेचना. गोल कोपऱ्यांपायी केलेल्या गोष्टी पन्नास ठिकाणी अडकल्या होत्या. त्या एकेक करून सोडवल्या. मी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा तो साय धरून तसाच राहिला.

तीन वाजता टेम्पोवाला जगूबा दोरीचं भेंडोळं घेऊन वर आला.

“सर, बांधायला घिऊ का? मागनं उशीर नगं.”

“घे की,” सर म्हणाले. “त्या भिंतीकडून सुरू कर.”

वैजयंतानं मान वर केली नाही. जगूबा एकेक यंत्र बांधत निघाला आणि ती एकेक ॲप सोडवत. मी एकाच पुस्तकाला दोनदा नंबर चिकटवला, आणि मी काही तसला माणूस नाही. कपाट झालं. चित्रं झाली. इकडे नऊ यंत्रं बांधून झाली. शब्दकोश अडला. बारा झाली. शब्दकोश सुटला, पट्टी राहिली. सोळा झाली. सतराव्यापाशी येऊन जगूबा दोरी हातात धरून उभा राहिला, कारण ते तिच्यासमोर होतं.

चाराला सात मिनिटं कमी असताना तिनं पेनड्राइव्ह लावला.

पट्टी आली. तिनं वही उघडली, कपाट उघडलं, चित्रं उघडली. आता चौथं. आम्ही सगळे पडद्यावर वाकलो, जगूबासुद्धा. शब्दकोश उघडला. गणकयंत्र उघडलं. बाण इकडून तिकडे नुसता धावत होता. मेमरीचा आकडा निम्म्याच्याही खाली होता.

“थांबा,” ती म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं लॅपटॉपवर एका ठिकाणी एक ओळ बदलली आणि पुन्हा लावलं. पडद्यावरच्या सगळ्या खिडक्यांतली सगळी बटणं पिवळी झाली.

मी टाळी वाजवली आणि डिंकाची बाटली पुस्तकावर सांडली. वैजयंता हसत होती आणि डोळे पुसत होती. फार आनंद झाला मला. इतका, की सांडलेला डिंक रात्रीपर्यंत लक्षात आला नाही.

“म्हंजी ह्या गाठी म्याच सोडायच्या व्हय?” जगूबा म्हणाला, आणि कुरकुरत सोडायलाही लागला.

“पिवळं ठेवू, सर?”

“नको. डोळ्याला खुपतं.”

टेम्पो रिकामा गेला. पाच वाजता कमल मगदूम आल्या. शिवणकाम करणाऱ्या बाई, आईच्या ओव्या टाइप करून ठेवायच्या म्हणून येतात. जुन्या प्रोग्रॅमवर त्यांचं लिहिलेलं चार वेळा पुसलं गेलं होतं, म्हणून महिनाभर फिरकल्या नव्हत्या. मीच निरोप पाठवला होता.

वैजयंता त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

कमलताईंनी वही उघडली. एक डोळा हातातल्या कागदावर, एक बोट कळांवर. तासाभरात अकरा ओव्या उतरवल्या, जतन केल्या, पदर सावरला आणि उठल्या.

“उद्या कवा उघडतंय?” त्यांनी मला विचारलं.

“ताई,” वैजयंताला राहवलं नाही, “काही वेगळं वाटलं का?”

“कशात गं?”

आणि त्या जिना उतरून गेल्या.

वैजयंताचं तोंड एवढंसं झालं. “आठ महिने, सर… त्यांनी बघितलंसुद्धा नाही.”

अत्तार सर यंत्र बंद करत होते.

“ओव्या सोडून बटणं बघितली असती, तर मी जगूबाला परत बोलावलं असतं.”