गुरुवारची ओपीडी

"मग मी करायला काय हवं होतं, आक्का? तुम्हीच सांगा."

लगमव्वा देवीच्या ठाण्यापुढच्या ओट्यावर बसून सुपात ज्वारी निवडत होती. बोटं चालली होती, लक्ष मात्र सुपात नव्हतं.

"डाक्टर, आदी आत या..."

"आत नंतर येतो. आधी माझं ऐकून घ्या."

ती पुन्हा सुपाकडं वळली.

डॉ. विद्याधर मगदूम आता आमदार होते. गाडी आणि पोलीस खाली रस्त्यावर ठेवून ते टेकडीची चढण एकटेच चढून आले होते. चार महिन्यांत त्यांनी इकडं पाऊल टाकलं नव्हतं. सवड नव्हती, असं ते स्वतःलाही सांगत आले होते. आज मात्र राग त्यांना घेऊन आला होता. काल तालुक्यात डायलिसिस केंद्राचं भूमिपूजन झालं. सगळा तालुका लोटला होता. लगमव्वाला त्यांनी स्वतःच्या हातानं नाव घालून पत्रिका पाठवली होती. ती न उघडता परत आली.

इतर कुणाची आली असती तर त्यांनी मनावर घेतलं नसतं.

अकरा वर्षांपूर्वी ते याच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर होते. एके दिवशी लगमव्वा तापानं फणफणून आली. पुरुषांच्या रांगेनं तिला हाकललं, बायकांच्या रांगेनंही हाकललं. दवाखाना बंद करून डॉक्टर बाहेर पडले तर ती कडुनिंबाखाली बसलेली. पायघोळ लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ.

"चला, तपासतो," ते म्हणाले.

"मला एकटीला नगं," ती म्हणाली. "आमाला एक वार द्या."

त्यांनी गुरुवार दिला.

पुढची नऊ वर्षं ती दर गुरुवारी दाराशी बसायची. देवीला सोडलेले, लुगडं नेसणारे जोगते यायचे, शहरातल्या तृतीयपंथी यायच्या, कॉलेजातली पोरं तोंडाला रुमाल बांधून यायची. शेवटचा पेशंट गेला की लगमव्वा डॉक्टरांचं काय काय चुकलं ते सांगायची. "आज तुमी कागदाकडं बघून बोलला." "त्या पोराला तुमी तीनदा बाई म्हनला, त्येचं तोंड बघितलं न्हाईसा." डॉक्टरांचं शिक्षण मोठ्या कॉलेजात झालं होतं. तरी निवडणुकीच्या प्रत्येक सभेत ते सांगायचे, की मला डॉक्टर केलं ते एका जोगतीनं. टाळ्या पडायच्या. ते खरंही होतं. आमदार झाल्यावरही, चार महिन्यांपूर्वीपर्यंत, त्यांनी गुरुवार चुकवला नव्हता.

"तुम्हाला वाटतं मी घाबरलो," ते आता म्हणाले. "मी घाबरलो नव्हतो. माझं भाषण लिहून तयार होतं."

सुपातली बोटं थांबली.

"पक्षाचा आदेश होता, विधेयकाच्या बाजूनं मत द्यायचं. सरकारी दवाखान्यात लिंगबदलाचे हार्मोन-उपचार बंद, खासगी डॉक्टरनं केले तर परवाना रद्द. मी म्हटलं, मी विरोधात बोलणार. मग वरच्यांनी दालनात बोलावलं. म्हणाले, डॉक्टर, तुमच्या एका मतानं काही अडत नाही, विधेयक मंजूर होणारच आहे. तुम्ही विरोधात गेलात तर तुमचं भाषण पेपरात येईल आणि तालुक्याला काही मिळणार नाही. बाजूनं राहिलात तर वीस यंत्रांचं डायलिसिस केंद्र आजच मंजूर करतो."

ते ओट्याजवळ सरकले.

"आक्का, आपल्या तालुक्यातली माणसं रक्त शुद्ध करायला आठवड्यातून तीनदा शंभर किलोमीटर जातात. वाटेत मरतात. केंद्र झालं तर हजार माणसं जगतील. हजार! आणि गुरुवारच्या रजिस्टरात नावं किती होती? एकशे बेचाळीस. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मग तुमी काय क्येलं?"

"अध्यक्षांनी विधेयकाच्या बाजूनं असलेल्या सदस्यांना उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो."

"टीव्हीवर दावलं," लगमव्वा म्हणाली. "पांढरा सदरा हुता."

डॉक्टरांनी मान खाली घातली, मग पुन्हा वर केली.

"मी हिशेब केला, आक्का. डॉक्टरला करावाच लागतो."

...

ठाण्यावरचा फाटका झेंडा वाऱ्यानं फडफडत होता.

"त्या हजारातलं एक नाव सांगा," लगमव्वा म्हणाली.

"काय?"

"जी जगनार, त्यांतल्या एकाचं नाव."

"असं कसं सांगणार? अजून इमारतीचा पाया..."

"बरं. आता त्या एकशे बेचाळीसांतली सांगा."

डॉक्टर हसले. कोरडं, ओशाळं हसू होतं ते. नावं सांगणं त्यांना अवघड नव्हतं. प्रत्येकाची गोळी, प्रत्येकाचा डोस त्यांना पाठ होता.

"गौतम. मिरचीच्या गोदामात हमाली करतो, त्याला दाढी फुटली तेव्हा माझ्या टेबलावर पेढे ठेवून गेला. चांदणी, तिचं रक्त घट्ट होतं म्हणून गोळ्या कमी केल्या होत्या. इक्बाल. नंदा आणि तिच्यासोबत येणारी तिची आई. शालन, सुईला भ्यायची. समाधान... नाही, तिचं नाव आता सानिका. कस्तुरी... ती कुठं आहे?"

ते थांबले.

लगमव्वानं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली. ठाण्यामागच्या खोलीकडं चालू लागली. डॉक्टर तिच्या मागोमाग गेले.

खोलीत वास होता. दारातच त्यांना तो ओळखू आला.

खाटेवर कस्तुरी पडली होती. तेवीस वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी लगमव्वानं तिला चेली करून घेतलं होतं, आणि गुरुवारी दाराशी बसायचं काम तिला दिलं होतं. रांगेत कुणी रडू लागलं तर ही त्याला हसवायची.

आता तिचे ओठ फुटले होते. श्वास उथळ, भरभर चालला होता.

डॉक्टरांनी पांघरूण सारलं. उजव्या कुल्ह्यापासून गुडघ्यापर्यंत मांडी सुजून काळीनिळी पडली होती. पायाला हात लावला तर तो थंडगार.

"कधीपासून?"

"आट दीस. तुमची ओपीडी बंद झाली. गोळ्या न्हाईत, मेडिकलवाला दीना. मग शिवंपलीकडं एक मानूस सुई टोचतो म्हनं, थितं गेली. एकच सुई समद्यांना."

"दवाखान्यात का नेलं नाही?"

"न्येलं की. परवा तालुक्याला न्येलं. त्यांनी सांगितलं जिल्ह्याला न्या. जिल्ह्यानं सांगितलं, हे त्या सुईचं हाय, आमी हात लावनार न्हाई, तालुक्याला न्या. दोनदा फिरली. मग म्हनली, आक्का, आता मला कुटं न्हेऊ नगा."

"पण कायद्यात असं कुठं आहे!" डॉक्टर ओरडले. "गळू कापायला कुणी मनाई केलेली नाही! मी कलम न् कलम वाचलंय."

"तुमी वाचलं. त्येंनी न्हाई वाचलं. त्येंनी तुमाला उभं राह्यलेलं बघितलं."

डॉक्टरांनी फोन काढला. तालुक्याचा अधीक्षक त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता.

"रुग्णवाहिका पाठव. सेप्टिक शॉक आहे, लगेच."

पलीकडून अधीक्षकाचा आवाज खाली आला.

"साहेब... ती परवाचीच पेशंट का?"

"हो."

"साहेब, आणा. पण काहीतरी लेखी द्या. माझी नोकरी नवीन आहे, परवान्याचा प्रश्न आहे."

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही सांगताय ते खरंच आहे, साहेब. पण कागदावर..."

"देतो कागदावर! गाडी सोड!"

गाडी यायला पाऊण तास लागणार होता. डॉक्टरांनी फोन खिशात घातला. तेवढा वेळ तिच्याकडं नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पांघरुणासकट कस्तुरीला उचललं. ती फार हलकी झाली होती. खाली रस्त्यावर आमदारांची गाडी होती, वर लाल दिवा असलेली पोलिसांची गाडी होती. सगळी वाट मोकळी करून देणारी माणसं होती.

"आक्का, पाणी घ्या. चला, लवकर चला!"

पायवाट खडकाळ होती. लगमव्वा तांब्या घेऊन मागून येत होती. पन्नास पावलं गेली असतील. कस्तुरीनं डोळे उघडले. आधी तिला ओळख पटली नाही. मग पटली.

"डाक्टर..."

"बोलू नकोस. पोचतोच आपण."

"आज गुरुवार हाय?"

आज सोमवार होता.

"होय," डॉक्टर म्हणाले. "गुरुवार आहे."

तिचे ओठ हलले. काहीतरी म्हणाली, ते त्यांना ऐकू आलं नाही. आणखी दहा-वीस पावलांवर त्यांच्या हातातलं वजन बदललं. जीव गेला की असं होतं, हे त्यांना माहीत होतं. तरी ते चालतच राहिले. मग थांबले. तिथंच, खडकावर, मांडी घालून बसले आणि तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. काढली. पुन्हा ठेवली. मग तिला खाली निजवून छाती दाबू लागले. मोजत होते. आकडा चुकला, पुन्हा एकपासून मोजू लागले. अर्धा तास तसाच गेला.

लगमव्वानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या."

ते थांबले नाहीत.

"डाक्टर... ऱ्हाऊ द्या."

खालून एक पोलीस वर येऊ लागला होता. लगमव्वानं हात वर केला, तो जागीच थबकला.

डॉक्टरांनी हात उचलले. पांढऱ्या सदऱ्याला पू आणि पाणी लागलं होतं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी राजीनामा देतो, असं म्हणावंसं वाटलं. चौकशी लावतो, असंही. दोन्ही शब्द तोंडाशी आले आणि दोन्ही त्यांनाच ऐकवेनात.

लगमव्वा खाली बसली. तिनं कस्तुरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, तांब्यातल्या पाण्यानं तिचं तोंड पुसलं, कमरेच्या पिशवीतला भंडारा तिच्या कपाळाला लावला. रडली नाही. घाई केली नाही.

"आक्का..."

तिनं वर बघितलं.

"आक्का, मला क्षमा करा."

लगमव्वानं पोरीच्या कपाळावर आलेले केस मागं सारले. खालच्या रस्त्यावरून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येऊ लागला, जवळ येत गेला, मग बंद पडला.

"मला कशाला मागता?" ती म्हणाली. "हिला जाग आली की हिला मागा... तवर बसा हितंच."