सदर भिंत

पिंपळदरीच्या शाळेत चौथीच्या वर्गाची भिंत फुगून बाहेर आली होती. त्याच भिंतीला टेकून यमुना गावंडेची लेक बसायची. यमुनानं तालुक्याला खेटे घातले, तेव्हा कुठे उपअभियंता निमकर पाहणीला आले.

गाव गोळा झालं. साहेबांनी भिंत लांबूनच न्याहाळली आणि घसा साफ करून सांगितलं, "सदर भिंतीचे विचलन सकृद्दर्शनी अनुज्ञेय मर्यादेत असून, तूर्तास वर्ग भरविण्यास प्रत्यवाय नाही."

"म्हणजे पोरं आत बसवायची का, साहेब?" यमुनानं विचारलं.

"प्रत्यवाय नाही म्हणालो ना, बाई."

भिंतीतल्या भेगेतून पलीकडचं आभाळ दिसत होतं आणि हा शिकलेला माणूस पोरं बसवा म्हणतो की नको, तेच यमुनाला कळेना. मग तिनं एक खुर्ची आणून भिंतीला लावली आणि म्हणाली, "बसा साहेब, चहा येतोय."

गावादेखत नाही कसं म्हणणार? साहेब टेकले. तोच वरून मूठभर माती त्यांच्या खांद्यावर सांडली. साहेब जे उठले, ते थेट अंगण ओलांडूनच थांबले.

यमुना कागद घेऊन त्यांच्याजवळ गेली.

"साहेब, मघाशी तोंडानं बोललात ते आम्हाला समजलं नाही. आत्ता पायांनी बोललात ते शेंबड्या पोरालाही समजलं. तेवढंच यावर लिहून द्या."

साहेबांनी लिहिलं, 'भिंत पडेल. आत कोणी बसू नये.'