पूर्वीची घोरपड

एका जंगलात, नदीच्या वळणाशी, फुटबॉलचा एक पगारी संघ खेळत असे, आणि त्याच्या खेळाडूंपेक्षा त्याचे पाठीराखेच जास्त दमत असत. खेळाडू आठवड्यातून एकदा खेळत. पाठीराखे मात्र मैदानाकडेच्या जांभळाखाली रोज बसत आणि बोलत. काय बोलत ते विचारू नका, मुलांनो. ससा संघात होता तेव्हा कावळा त्याला पळपुटा म्हणे. ससा पलीकडच्या जंगलातल्या संघात गेला, आणि महिन्याभरात तोच कावळा डोळे मिटून म्हणू लागला, "चेंडू कसा पायाला चिकटलेला असायचा त्याच्या." अस्वल प्रशिक्षक होते तेव्हा गव्याला ते आळशी वाटे. ते गेले, करकोचा आला, आणि गव्याला अस्वलाची शिस्त आठवायला लागली. मग करकोचाही गेला. चार वर्षांत पाच प्रशिक्षक झाले आणि गेल्यावर पाचही जण थोर ठरले.

त्यांत सर्वांत थोर ठरली होती पाचांतली पहिली, एक घोरपड. तिने संघाला जंगलाचा चषक मिळवून दिला होता. ती एकच गोष्ट शिकवत असे : आपल्या गोलात चेंडू जाऊ द्यायचा नाही, बाकीचे पुढचे पुढे. पण दुसऱ्या वर्षी संघ लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हा याच पाठीराख्यांनी तिला ढेकळे मारून मैदानाबाहेर घालवले होते. ती टेकडीपलीकडे एका जुन्या वारुळात जाऊन राहिली. तिकडे एकदा एक तितर आला आणि म्हणाला, "मावशी, तिकडे रोज तुमचेच गोडवे गातात हो." "गाऊ देत," घोरपड म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेले नाही.

म्हणून गवा स्वतः तिला बोलवायला आला तेव्हा ती फार आढेवेढे न घेता निघाली. हंगामाचा शेवटचा सामना महिन्यावर आला होता. तो हरला तर संघ खालच्या गटात जाणार होता. "संघासाठी येते," असे ती गव्याला म्हणाली. खरी गोष्ट मी तुम्हाला सांगतो. आपल्या तोंडावर कुणीतरी एकदा म्हणावे, 'मावशी, तुम्ही चांगलं केलंत,' एवढेच तिला हवे होते. मागणे एवढेसेच होते, पण ढेकळे खाल्लेल्या म्हाताऱ्या जिवाला ते फार मोठे असते.

ती मैदानावर पोहोचली तेव्हा जांभळाखाली सगळे बसलेच होते. कावळ्याने मान वाकडी करून तिला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"ही?" तो म्हणाला. "पूर्वीची घोरपड केवढी होती."

"मीच ती," घोरपड म्हणाली.

"असाल बाई," टिटवी म्हणाली, आणि तिने विषय बदलला.

घोरपडीने शिकवायला सुरुवात केली. पूर्वी शिकवे तेच आणि तसेच. जांभळाखालून आवाज येतच होते. टिटवी म्हणे, "पूर्वीची घोरपड अशी एका जागी बसून शिकवत नव्हती. खेळाडूंबरोबर धावायची." घोरपड जन्मात कधी धावली नव्हती. कावळा म्हणे, "ती शीळ घालायची. एका शिळेत अख्खा संघ मागे यायचा." घोरपडीला शीळ कुठून येणार? पहिले काही दिवस तिने समजावून पाहिले. मग तिने ते सोडून दिले. स्वतःशीच वाद घालून कोण जिंकणार? रोज संध्याकाळी तिच्या अंगात त्राण उरत नसे, आणि ते शिकवण्यामुळे नव्हते.

संघाचा गोलरक्षक होता एक रानबोका. त्याच्याआधी एक हुप्प्या गोलात उभा राहत असे. तो होता तोवर त्याला 'भोकाचा हुप्प्या' म्हणत, आणि आता त्याच्या उड्यांच्या गोष्टी रोज सांगत. दोन वर्षे रानबोका त्या ऐकत होता. एकदा सराव संपल्यावर तो घोरपडीशेजारी येऊन बसला आणि बराच वेळ पंजा चाटत राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "मी कधी जाऊ म्हणजे चांगला ठरेन?"

हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता, आणि आता तिला तो फार झोंबला.

सामन्याचा दिवस उजाडला. समोरच्या लांडग्यांच्या संघाने पहिल्यापासून दाणादाण उडवली. चेंडू सारखा आपल्याच गोलाकडे. रानबोक्याने एक फटका पंजाने उडवला, एक छातीवर घेतला, आणि शेवटी तर खांबाला आपटून, तोंडातून रक्त आले तरी चेंडू पोटाखाली दाबून धरला. एकही गोल झाला नाही. सामना बरोबरीत सुटला आणि संघ वरच्या गटात राहिला. घोरपडीचा जीव भांड्यात पडला. आता तरी, असे मनाशी म्हणत ती हळूहळू जांभळाकडे गेली.

"बरोबरी," गवा नाक मुरडून म्हणाला. "पूर्वीची घोरपड असती तर जिंकलो असतो. चूक माझी. आणली मीच, पण ही ती नव्हे."

"आणि गोलात हुप्प्या हवा होता," कावळा म्हणाला.

"तुम्ही मला ढेकळं मारली होती," घोरपड म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आठवतं का?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. टिटवीला तर वाईटच वाटले. "छे हो बाई," ती म्हणाली. "तिला? तिला आम्ही डोक्यावर घेऊन नाचलो होतो."

त्या सगळ्यांचा त्यावर खरेच विश्वास होता, हे घोरपडीला दिसले. तिला राग आला नाही, फक्त फार थकल्यासारखे झाले. ती मागे वळली. रिकाम्या मैदानावर रानबोका एकटाच खांबाला टेकून बसला होता. ती त्याच्यापाशी गेली.

"तू आज चांगला खेळलास," ती म्हणाली. "तीन वेळा वाचवलंस. हुप्प्याला मी शिकवलं आहे. तो शेवटचा फटका त्याला अडवता आला नसता."

रानबोका हळूच म्हणाला, "मावशी, परत एकदा सांगा."

तिने परत सांगितले. तसेच्या तसे, एकही शब्द न गाळता. त्याचा ऊर भरून आलेला तिला दिसला, आणि आपल्याला हवे होते ते शब्द आपणच बोलतो आहोत हेही तिला कळले. तिने ते आणखी एकदा सांगितले. मग ती निघाली.

नदीचे वळण ओलांडायच्या आतच जांभळाखाली बातमी पोहोचली. मागून कावळ्याचा आवाज आला, "गेली? अरेरे. शेवटच्या सामन्यात एक गोल होऊ दिला नाही हो तिने." "अशी प्रशिक्षक पुन्हा मिळायची नाही," गवा म्हणत होता. घोरपड थांबली. खोटे कशाला सांगू, तिने ते सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले. पण टेकडीपलीकडे पोहोचल्यावर, गवा पुन्हा बोलवायला येईल म्हणून, तिने आधी वारूळ बदलले.

तात्पर्य : ज्याचे कौतुक करायचे ते तो समोर असताना करावे, तो गेल्यावर केलेले कौतुक त्याला पोचत नाही, आणि जो समोर उभा आहे त्याला मात्र ते ढेकळासारखे लागते.