मरणात पहिला नंबर

सरकारी दवाखान्यात छातीत दुखणाऱ्यांसाठी एकच खाट उरलेली. माझे अण्णा बाकड्यावर घामानं भिजून गप्प पडलेले. शेजारी नगरसेवक ढमाले छाती धरून ओरडत होते, "माझा नंबर पहिला!"

डॉक्टरीणबाईंनी दोघांचे ईसीजी बघितले. "साहेब, मरणाचा धोका यांना जास्त आहे. खाट यांना."

"यांना कसला? मलाच जास्त आहे!"

मी लगेच मोबाईल काढला. "बरं साहेब, फ्लेक्सवाल्याला सांगते. फोटो वाढदिवसाचाच ठेवू, खाली फक्त 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकू."

ढमाल्यांचा हात छातीवरून झटकन खाली आला. "छ्या! मला नुसता गॅस झालाय."

अख्खा वॉर्ड हसला. अण्णांना खाटेवर घेतलं. ते हसले नाहीत. त्यांना श्वासच पुरत नव्हता.