शेंदराखालची फुली

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी नदीकाठी एक गाव होतं. उन्हाळ्यात नदी आटली, की सारं गाव पात्रात उतरून कलिंगडाच्या वाड्या लावी. भीती एकाच गोष्टीची. वर डोंगरात वळीव कोसळला, की इकडे लख्ख ऊन असतानाच पाण्याचा लोंढा येई. म्हणून टेकडीवर राखणदार बसे. पाणी दिसलं, की त्यानं घंटा वाजवायची आणि लोकांनी काठ गाठायचा.

जुनी घंटा फुटली, तेव्हा गावचा पाटील मिशीला पीळ देत म्हणाला, "नवी मी आणतो. पंचक्रोशीत नाव निघेल अशी!"

तो शहरातल्या नामांकित ओताऱ्याकडे गेला. ओताऱ्यानं त्याला हौसेनं सगळं दाखवलं. "नव्या साच्यातली पहिली घंटा आम्ही विकत नाही, पाटील. ती उरल्यासुरल्या धातूची, नुसती साचा तपासायला. आतून फुली मारायची आणि वितळवून टाकायची." पाटलानं मान डोलावली, ओताऱ्यानं काढून दिलेली झगमगती घंटा पैसे मोजून गाडीत घातली आणि निघाला.

वेशीवर ढोल-ताशे, ओवाळायला बायका. वा, काय तो थाट! घंटा उतरवताना पाटलाचा हात आत गेला आणि बोटांना काहीतरी लागलं. वाकून बघतो तर फुली!

गाडी तिथूनच परत फिरवायची आणि ओताऱ्याची गचांडी धरायची, एवढंच करायचं होतं हो! पण समोर ढोल वाजत होते. लोक म्हणतील, पाटलाला शेंडी लावली. त्या एका विचारानं घात केला. पूजेच्या ताटातला शेंदूर त्यानं तेलात कालवला आणि फुलीवर थापला.

"बाबा, घंटेच्या आत शेंदूर कशाला?" त्याच्या लेकीनं, गोजरीनं विचारलं.

"देवाचं असतं ते. हात लावायचा नाही कुणी."

मग काय, कुणी हात लावला नाही. उलट राखणदार रोज घंटेच्या पाया पडू लागला. पाटील मनाशी म्हणे, वाजतेय ना, पुढच्या साली बदलू.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी डोंगरात वळीव कोसळला. राखणदारानं लोंढा पाहिला आणि जीव खाऊन टोल हाणला. पहिल्याच टोलाला घंटा तडकली. मग कितीही बडवली, तरी नुसती खडखड. खाली वाड्यांतली माणसं म्हणाली, "पाखरं हाकलतोय वाटतं." गोजरी तेव्हा गड्यांच्या भाकऱ्या घेऊन तिथंच गेली होती.

पाणी ओसरलं. गोजरी सापडली नाही. कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही.

म्हातारी माणसं पाटलाच्या ओट्यावर येऊन बसली. "देवाची मर्जी, पाटील. आपल्या हातात काय असतं?"

पाटलाच्या मांडीवर फुटक्या घंटेचा तुकडा होता. त्यानं उपरण्यानं शेंदूर पुसला आणि फुली सगळ्यांसमोर धरली.

"ही वितळवून टाकायची घंटा होती. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला. "मर्जी देवाची नव्हती. माझी होती."

कुणी त्याला शिवी दिली नाही. एकेक जण उठून गेला, आणि त्या ओट्यावर पुन्हा कुणी बसलं नाही.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: खोटी वस्तू विकणारा एकदाच फसवतो, पण ती खोटी आहे हे कळूनही जो झाकून ठेवतो, तो रोज फसवतो.